अल्पशा आजाराने

"कै. लिहू की स्वर्गीय?" रोह्याहून फ्लेक्सवाल्या प्रवीणनं फोनवर विचारलं.

"कै. लिही," हिरामण म्हणाला. पेणच्या घराच्या ओटीवर तो भिंतीला टेकून बसला होता. फोन स्पीकरवर, जमिनीवर. आईला काल अग्नी दिला होता.

कै. गं. भा. चंद्रावती मोरू ठाकूर

आत त्याची बायको नमिता परातीसमोर उभी होती. परातीवर ओलं फडकं. परवा संध्याकाळी सासू इथंच, परातीवर वाकल्या वाकल्या गेली. तिला उचलून बाहेर नेलं आणि नमितानं परात झाकून ठेवली. त्यानंतर कुणी हात लावला नव्हता. आता शेजारच्या सीताबाईंनी फडकं उचललं.

पोह्याच्या पापडांचं पीठ. अर्धं मळलेलं, घट्ट, तेलानं चकचकीत. अर्धं कोरडं, भुसभुशीत. मधे मुठीचा खड्डा. चार पेरं स्पष्ट.

"टाकून दे गो. सुतकातलं पीठ कोण खानार?"

"मळलं तवा सुतक नव्हतं," नमिता म्हणाली.

"मळून कुठं झालंय?"



"पुढं काय?" बाहेर प्रवीणचा आवाज. "कष्टाळू, प्रेमळ, मनमिळाऊ. टाकू?"

"सगळ्यांना तेच टाकतोस काय रे?"

"मापाचं हाय, दादा. एका ओळीत बसतं."

आई मनमिळाऊ होती का, ते हिरामणला आठवेना. पहाटे उठलं की तिची पाठ दिसायची. शिफ्टवरून रात्री आलं की तीच पाठ, पोळपाटावर वाकलेली. त्या पाठीवर घराचा स्लॅब झाला, बहिणीचं लग्न झालं, त्याचं आयटीआय झालं.

"कष्टाळू ठेव. बाकी तुझ्या मनानं."

कष्टाळू     प्रेमळ     मनमिळाऊ

पिंकी आत आली. सहा वर्षांची. परातीत डोकावली.

"आजीनं माझी लाटी नाय ठेवली?"

पापड करायला बसली की आजी पहिली लाटी तेलात बुडवून नातीच्या हातावर ठेवायची. कच्चीच खायची ती.

"आजी नाय आता, बाय," सीताबाई म्हणाल्या.

"ठाव हाय मला. आजी म्हणालेली, छातीत दुखतंय. बाबा म्हणाले, शिफ्टवरून आलो की दवाखान्यात जाऊ." पिंकी धडा म्हणावा तशी म्हणत होती. "मंग आई म्हणाली, तवर एवढं पीठ आटपा, उद्या मानूस पापड न्यायला येनार."

सीताबाई हातातल्या ओल्या फडक्याची घडी घालू लागल्या. घडीची आणखी घडी. मग आणखी.

"दादा, आजारी होत्या काय बरेच दिवस?" प्रवीण विचारत होता.

"नाय."

"मंग 'अल्पशा आजाराने' टाकतो. बरोबर ना?"

पिंकीचा आवाज ओटीपर्यंत आला होता. हिरामणनं स्पीकर बंद केला. फोन कानाला लावला.

"टाक," तो म्हणाला.

यांचे अल्पशा आजाराने दुःखद निधन

पिंकी परातीजवळ उकिडवी बसली. आजीच्या मुठीच्या खड्ड्यात तिनं आपली मूठ ठेवली. मूठ लहान, खड्डा मोठा. ती गुडघ्यांवर उठली, सगळं अंग हातावर टाकलं आणि दाब दिला.

"हूं," ती म्हणाली. प्रत्येक दाबाला आजी म्हणायची, अगदी तसंच.

"हूं."

नमितानं तिचं मनगट धरून ओढलं. फरफटत मोरीवर नेलं. नळ सोडला, साबण लावला आणि तो हात घासायला लागली.

"आई, निघालं पीठ," पिंकी म्हणाली.

नमिता घासतच राहिली.