सरकता जिना

एका दिवसात राजधानीत काय काय बघायचं, यावर घरात खल चालला होता. मुलाला संग्रहालय हवं होतं, सुनेला नदीकाठचा बाजार.

"आई, तुला गं?"

"स्टेशनातला सरकता जिना."

सगळे हसले, बाबा सर्वांत मोठ्याने. "लग्नानंतर नेलं होतं की! ही पायथ्याशीच गळाठली. म्हटलं, हे तुझं काम नव्हे, तू पिशव्या सांभाळ. मी आलो वर जाऊन."

तेव्हापासून आईने काहीही नवं करायचं म्हटलं, की बाबा तो जिना काढायचे.

राजधानीत उतरताच आईने पिशव्या बाबांच्या हातात कोंबल्या, कठडा घट्ट धरला आणि टाकलं पाऊल. वर पोचली. शेजारच्या उतरत्या जिन्याने ताठ मानेने खालीही आली. बाबा अजून पायथ्याशीच. एक पाय पुढे, लगेच मागे.

"अहो, तुम्ही तर चढला होतात ना?"

बाबा पिशव्यांकडे बघत पुटपुटले, "त्या कोपऱ्यातल्या साध्या जिन्याने गेलो होतो."

आई इतकी हसली की माणसं वळून बघू लागली. मग तिने पिशव्या मुलाकडे दिल्या आणि बाबांचा हात धरला.

"सांभाळ रे जरा. यांना वर नेऊन आणते."