ओट्यावरच्या मुंग्या

बढतीच्या मुलाखतीत अध्यक्षांनी कीटकशास्त्राच्या मॅडमना त्यांच्या पाच शोधनिबंधांचे गुण सांगितले. "चार महागड्या, नामांकित नियतकालिकांतले. चारही मोलाचे, पूर्ण गुण. पाचवा मात्र नेटवर कुणीही उघडून वाचावा असा. आमच्याकडे फुकट ते पौष्टिक चालत नाही. शून्य."

मॅडमचा चेहरा पडला. त्या शून्यापायी बढती हुकत होती.

"शिवाय तो चुकलाय," अध्यक्षांना जोर चढला. "म्हणे अडथळा आला की मुंग्या डावीकडून वळसा घालतात. आमच्या ओट्यावर उजवीकडून घालतात. मी साखरेचा डबा आडवा ठेवून पाहिला, सूनबाईंनी पाहिला. रविवारी व्याही आले, त्यांच्याशी तर यावरून वाजलं."

"डब्याच्या उजवीकडे भिंत आहे का सर?"

"आहे. का?"

"मग त्या भिंत धरून जातात. सातव्या पानावर दिलंय."

"सातवं पान आमच्या हिनं छापून फ्रिजवर लावलंय," अध्यक्ष पुटपुटले. "मला बघू कुठे देते."

मॅडमना हसू आवरेना. "आणि बाकीचे चार कसे वाटले?"

"सांगितलं ना, मोलाचे."

"वाचून?"

"ते उघडतात कुठे? दारातच पैसे मागतात," अध्यक्ष बोलून गेले. मग त्या शून्यासाठी खोडरबर शोधत म्हणाले, "डबा भिंतीपासून किती लांब ठेवायचा, तेवढं सांगून ठेवा. घरी गेल्या गेल्या ही विचारेल."