कचरीचं बारसं

“कचरी म्हना तिले,” लीलाबाई म्हणाल्या आणि पाळण्याकडे ढुंकूनही न पाहता सुपातली तूर पाखडू लागल्या.

बारशाच्या बाया आता येतीलच, अशी वेळ. सरकारनं कापसाची एकाधिकार खरेदी बंद केली तेव्हापासून कापसाला भाव नव्हता. घाटंजीजवळच्या त्या घरात गेल्या वर्षीचा कापूस माजघरातच पडून होता आणि त्या ढिगाला लागून पाळणा बांधला होता.

“आई, नाव ठरलंय ना? ईश्वरी,” निकिता म्हणाली.

“ईश्वरी!” लीलाबाईंनी फोलपटं दाराबाहेर उडवली. “मोठ्ठ्या नावाचं बियानं पेरलं ना औंदा? पिशवीवर राजा, अन् वावरात बोंड धरलं काय त्यानं?”

निकिताच्या आधीच्या दोन मुलींची नावं याच सासूनं हौसेनं ठेवली होती. राजलक्ष्मी आणि ऐश्वर्या. गावभर पेढे वाटले होते. दोघीही वर्षाच्या आत गेल्या. आता तिसरीही मुलगीच, म्हणून म्हातारी फिरली, हे निकितानं मनाशी पक्कं केलं होतं. जन्मल्यापासून पोरीला त्यांनी एकदाही मांडीवर घेतलं नव्हतं. आर्णीहून, निकिताच्या माहेरून आलेलं रेशमी झबलं कपाटात बंद होतं. पोरीच्या अंगावर होतं ते शेतावर कामाला येणाऱ्या भुरीबाईच्या नातीचं विटकं झबलं.

बाया जमल्या. शेजारच्या हंसाबाई पाळण्यात डोकावल्या.

“गोरीपान हाय वो पोरगी!”

“कुठची गोरी! उंदराचं पिल्लू,” लीलाबाई म्हणाल्या आणि उंबऱ्यापलीकडे थुंकल्या. “कचरी नाव ठेवून राह्यलो आमी तिचं.”

“कायले वो? त्या नावाच्या बाया तुमी पाह्यल्या नाहीत काय?”

“पाह्यल्या ना!” लीलाबाईंचा आवाज गल्लीच्या टोकाला जाईल इतका चढला. “बाजारात वांगे विकते ती कचरी. तोंडात एक दात नाही, पन शिव्या देते तं बैल बुजतात. आमच्या मालकाची आत्या, ती बी कचरी. दोन नवरे पोचवले, आता सुनेच्या मागं लागली हाय. अन् बाभुळगावची तं आंधळी, तरी पनतूच्या लग्नात लाडू चोरले तिनं.”

“घरात कचरी असली का रोजचं भांडन,” कुणीतरी म्हणालं. बाकीच्या तोंडाला पदर लावून हसल्या.

कानात नाव सांगायला पोरीची आत्या पुढे झाली. लीलाबाईंनी तिला हातानं मागं सारलं. स्वतः दारात जाऊन, बाहेर तोंड करून त्या ओरडल्या, “कचरी! आमच्या घरचा कचरा!”

निकितानं ओठ दाताखाली धरला. घुगऱ्या वाटून झाल्या, बाया पांगल्या, तशी तिनं पिशवी भरली. आर्णीला सोडून द्या, म्हणून नवऱ्याला सांगितलं. कपिल गाडी पुसायला मागच्या अंगणात गेला.

लीलाबाई दारातच उभ्या होत्या.

“चालली? ने. कोनाले पायजे हा कचरा?”

“नेते. आणि परत आणणार नाही.” निकिताचा आवाज फाटला. “हिच्या जागी नातू असता तर असं केलं असतं? तुमची नात आहे ही, आई. त्या शिवराळ, भांडकुदळ, चोरट्या बायांच्या रांगेत नेऊन बसवलंत तिला. त्यांच्यात एक तरी धड होती का?”

लीलाबाईंनी गल्लीत दोन्ही अंगांना पाहिलं. मग आत येऊन दार लावलं, कडी घातली. पाळण्यातून पोरीला उचलून त्यांनी छातीशी घट्ट धरलं. निकिताच्या कानाशी येऊन त्या इतक्या हळू बोलल्या, की पोरीलाही जाग आली नाही.

“धड एकही नव्हती. पन साऱ्याच्या साऱ्या म्हाताऱ्या झाल्या, माय.”