करंज्याचा व्हिडिओ

इराला देवाघरी जाऊन वर्ष होत आलं, तेव्हा श्रीरंगने माळ्यावरचा जुना कॉम्प्युटर खाली काढला. त्यात दोन हार्डडिस्क बसवून त्याला आपल्या मुलीचे सगळे फोटो आणि व्हिडिओ एका जागी नीट ठेवायचे होते. पनवेलच्या त्या फ्लॅटमध्ये दुसरं काही करावंसं त्याला वाटत नव्हतं.

कॉपी करताना कॉम्प्युटर सारखा बंद पडायचा. श्रीरंगने रॅमच्या, म्हणजे मेमरीच्या, पट्ट्या एकेक काढून तपासल्या. एक खराब निघाली. ती बदलल्यावर रविवारी दुपारी सगळं सुरळीत कॉपी झालं.

त्याने करंजा बंदरावरचा, इराच्या शेवटच्या सहलीचा व्हिडिओ लावला. वाळत घातलेल्या मासळीजवळ उभी राहून इरा हसत होती. श्रीरंगने तो घाईने बंद केला आणि मेमरीची चाचणी पुन्हा लावली.

"आता काय झालं?" त्याच्या बायकोने, दिपाने, विचारलं.

"मेमरी खराब असली की फाइल बिघडते गं. खात्री करतोय."

चाचणीत एकही चूक निघाली नाही. त्याने व्हिडिओ परत लावला, तेव्हा दिपा मागे येऊन उभी होती.

"श्री, हिचे पुढचे दात..."

व्हिडिओ काढला तेव्हा आणि इरा गेली तेव्हाही दुधाचे ते दोन्ही दात पडलेले होते. नवे यायचे होते.

"आलेत," तो कसाबसा म्हणाला.

दिपा खुर्ची ओढून अगदी पडद्याजवळ बसली. बराच वेळ ती लेकीकडे पाहत राहिली.

"उंच पण झालीय रे," ती हळूच म्हणाली. "आणि हिच्या वेण्या कोण घालतं तिथे?"