काळ्या बाजूला मायलेन

वीज गेली, पंखे थांबले. पंचांनी घड्याळ थांबवलं, टेबल जपून ओसरीत आणवलं आणि डाव पुन्हा सुरू केला.

बायामो शहराच्या कुमार बुद्धिबळ स्पर्धेतला हा शेवटचा डाव. पांढरी मोहरी ओस्निएलची, काळी मायलेनची. दोघांचा गुरू एकच, मायलेनचे वडील लिसार्दो. त्यांचा सगळा जीव ओस्निएलमध्ये. त्याला सरावासाठी समोर कुणीतरी हवं, म्हणून ते मुलीला बसवायचे. ओस्निएल चुकला की त्याच्या पाठीशी उभं राहून तासन्‌तास समजावायचे. मायलेन समोर गप्प बसून ऐकायची.

ओस्निएलने घोडा सरकवला आणि हळूच विचारलं, "बरोबरी करूया का गं? तुझा दुसरा नंबर पक्का."

"आणि तुझा पहिला?"

"तो तर आहेच," तो हसला.

प्रेक्षकांसाठी बांधलेल्या दोरीपलीकडे लिसार्दो उभे होते. हरली तर पोरीचा दुसरा नंबरही जाईल, हे त्यांना दिसत होतं. बरोबरी घेऊन टाक, असं त्यांचे डोळे सांगत होते.

मायलेनने तिकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

"नको. खेळूया."

तिने हत्तीने त्याचा उंट मारला. हत्ती उघड उघड जाणार होता. लिसार्दोंनी कपाळाला हात लावला.

ओस्निएलने प्याद्याने हत्ती उचलला. मग मात्र त्याचा हात मोहऱ्यापर्यंत जाऊन परत येऊ लागला. उंट गेल्यावर त्याच्या राजाजवळची पांढरी घरं राखायला कुणी उरलं नव्हतं. तिथूनच काळा घोडा आत आला. त्यामागून वजीर.

रस्त्यावर उसाच्या रसाचा चरक कुरकुरत होता. ओस्निएलने हार मानून राजा आडवा केला आणि हात पुढे केला.

"घरी कधी अशी खेळली नाहीस!"

"घरी तुझी शिकवणी असायची."

तो कसनुसा हसला आणि उठून बाहेर गेला.

लिसार्दो दोरी ओलांडून आले. ते ओस्निएलच्या मागे जातील, असं मायलेनला वाटलं. ती मोहरी गोळा करायला लागली. ते समोरच्या रिकाम्या खुर्चीत बसले.

"थांब, आवरू नकोस," ते म्हणाले. "हत्ती का दिलास, ते मला अजून कळलेलं नाही. शिकव मला."