चंद्रावर जाण्याच्या अर्जासोबतचं पत्र

चंद्रावर लेकीकडे कायमचं राहायला जायची कुमुदिनीबाईंची परवानगी आली होती. अडलं होतं ते त्यांचे यजमान दत्तारामपंत यांच्या अर्जाचं पत्र. अर्जासोबतचं हे पत्र वसाहत कचेरीच्याच पेनाने लिहावं लागे. पेन बोटांतली नाडी बघे आणि लिहिणाऱ्याला स्वतःलाच न पटलेलं वाक्य कागदावरून उडून जाई.

दत्तारामपंतांनी उभ्या जन्मात एक दिवसाची रजाही साध्या शब्दांत मागितली नव्हती. ‘चांद्रविज्ञानाची सेवा करण्याची मला तळमळ आहे,’ त्यांनी लिहिलं. उडालं. ‘मी कुणावर भार होणार नाही.’ तेही उडालं.

“काका, हा शेवटचा कागद,” खिडकीतली कारकून मुलगी म्हणाली. “कोरा आला तर अर्ज बाद.”

“अहो, खरं काय ते लिहा की,” कुमुदिनीबाई म्हणाल्या.

“खरं लिहून कुणाला काय मिळालंय?” असं पुटपुटत पंतांनी पेन टेकवलं. ‘मला चंद्राचं काडीचं कौतुक नाही. ही चाललीय आणि हिच्याशिवाय मला घास गिळवत नाही.’

शाई काळीभोर राहिली. बाईंनी ते दोनदा वाचलं. बेचाळीस वर्षांत यांच्या तोंडून असलं काही निघालं नव्हतं.

पण तेवढ्यावर थांबतील तर ते पंत कसले? जोर चढून त्यांनी पुढे लिहिलं, ‘हिच्या हातची आमटी म्हणजे अमृत.’

बघता बघता अमृत उडालं.

पंत मान खाली घालून बसले. बाईंनी कागद ओढून घेतला, नीट घडी घातली आणि खिडकीतून आत सरकवला.

“उरलंय तेवढं पुष्कळ आहे,” त्या मुलीला म्हणाल्या. “आमटीचं मी तिकडे गेल्यावर बघते.”