रडस ती पोरगी

"काही चावलं का तुला, बेटा?" डॉक्टरांनी पुन्हा विचारलं.

मितेशने मान हलवली. नाही.

रोहिणीने त्याचा तळहात धरला होता. थंडगार. कपाळावर मात्र घाम, शर्ट पाठीला चिकटलेला. शेतात कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्यांच्या ढिगाजवळ खेळता खेळता पोरगा गुपचूप घरी आला आणि उलट्या करू लागला. रनाळ्याहून नंदुरबारच्या दवाखान्यात पोहोचेपर्यंत तो एकदाही कण्हला नाही. तिला भीती त्याचीच वाटत होती.

"विंचू असता तर एवढ्याशा पोराने दवाखाना डोक्यावर घेतला असता," डॉक्टर म्हणाले. "अंगावर खूण दिसत नाही. साप असेल तर वेगळं औषध, विंचू असेल तर वेगळं, पोटात काही गेलं असेल तर आणखी वेगळं. अंदाजाने देता येत नाही. आणि याचे ठोके ठीक नाहीत."

सलाईनची बाटली अडकवता अडकवता वॉर्डबॉय थांबला. "अरे, हाऊ तर तो रीलवाला! बोल ना भाऊ, एक डाव!"

मितेशचे ओठ पांढरे पडले होते. तरी तो बोलला, "रडस ती पोरगी. मी मर्द शे."

वॉर्डबॉय हसला. रोहिणीचा नवरा हेमकांतही हसला, सवयीने. रील त्यानेच केली होती. पोरगा सायकलवरून पडला, गुडघा फुटला, आणि तोंड वाकडं व्हायच्या आत बापाने मोबाईल धरून हे वाक्य पढवलं. लाखो लोकांनी पाहिली. तेव्हापासून पानटपरीवर, लग्नात, शाळेच्या फाटकात, जो भेटेल तो मितेशकडून ते वदवून घ्यायचा. बंद करा हे, असं रोहिणी एकदा म्हणाली होती. त्यावर हेमकांतचं उत्तर, "तुले काय समजस? वाघ शे मन्हा पोऱ्या."

तिने पोराच्या कानाशी तोंड नेलं. "दुखतंय का रे कुठे?"

मितेशने आधी बापाकडे पाहिलं. मग मान हलवली. नाही.

रोहिणी उभी राहिली. "अहो, रडा."

"काय?"

"त्याच्यासमोर रडा. आत्ता."

"येडी व्हयनी का? इतला लोकेससमोर..."

"हात धरा त्याचा. धरून तर बघा."

हेमकांतने चिडूनच हात धरला. बोटं चोळली. पुन्हा चोळली, जोरात, फुंकर घालून. ती गारच राहिली. त्याने बायकोकडे पाहिलं, डॉक्टरांकडे पाहिलं. मग त्याच्या मिशीखालून असा काही हुंदका फुटला की वॉर्डबॉय दोन पावलं मागे सरकला.

मितेश डोळे मोठे करून बघत राहिला. असा पप्पा त्याने कधी पाहिला नव्हता. त्याने मोकळा हात बापाच्या ओल्या गालावर ठेवला आणि हळूच विचारलं,

"पप्पा, तुमले बी इच्चू चावना का?"